ड्रॉइंगची फोल्डरं नव्याने लावताय? आधी एक्सरेफच्या लिंका बघा

फोल्डर हलवणं दहा मिनिटांचं काम आहे, कट केलं पेस्ट केलं झालं, पण ऑटोकॅडच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या पोटात दुसऱ्या फाइलींचे पत्ते लिहून ठेवलेले असतात, ग्रिड (कॉलमच्या ओळींची आखणी) कुठे आहे, टायटल ब्लॉक (शीटवरची नाव-नंबरची चौकट) कुठे आहे, आर्किटेक्टचा प्लॅन कुठून उचलायचा, अशा बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगलाच एक्सरेफ म्हणतात, आणि आपण फोल्डर हलवलं म्हणून ते पत्ते आपोआप बदलत नाहीत. आमच्या ऑफिसात आरसीसीचं काम चालतं, पंधरा वर्षांची ड्रॉइंग सर्व्हरवर ज्याने केली त्याच्या नावाच्या फोल्डरात पडलेली होती, माणूस सोडून गेला तरी फोल्डर त्याच्याच नावाचं. ते सगळं कामाप्रमाणे नीट लावायला घेतलं तेव्हा जे शिकलो ते इथे लिहितोय, कोणाचे तरी दोन रविवार वाचतील.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. लोक घाबरतात ते तुटलेल्या लिंकला. ती तुटली की ऑटोकॅड उघडतानाच बोंब मारतं, यादीत नॉट फाउंड दिसतं, प्लॅनच्या जागी नुसता पाथ लिहिलेला दिसतो, म्हणजे कळतं तरी. खरी भीती आहे ती न तुटलेल्या लिंकची. तुम्ही फाइली नव्या जागी कॉपी केल्या, जुन्या तिथेच राहू दिल्या ‘असू दे सेफ्टीला’ म्हणून, आणि नव्या जागेवरचं ड्रॉइंग उघडलं तर ते आनंदाने जुन्या जागेवरची ग्रिड उचलून दाखवतं. लोडेड लिहून येतं. सगळं छान दिसतं. आठवड्याने कोणीतरी नव्या फोल्डरातली ग्रिड बदलतो आणि फाउंडेशनच्या ड्रॉइंगला त्याचा पत्ताच नसतो.

आमच्याकडे हे झालं. एका गोदामाचं काम होतं, आर्किटेक्टकडून कॉलमच्या एका ओळीचं अंतर बदलून आलं, आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने नव्या फोल्डरातल्या ग्रिडमध्ये बदल केला, सेव्ह केला, आणि फुटिंगची शीट प्लॉट करून, म्हणजे प्रिंट काढून, साइटवर पाठवली. शीटने ग्रिड घेतली होती जुन्या ड्राइव्हवरची. साइट इंजिनिअर हुशार होता, त्याने चुन्याची आखणी झाल्यावर टेप लावून परत मोजलं आणि फोन केला की तुमचं फुटिंग आर्किटेक्टच्या प्लॅनशी जुळत नाहीये. खोदाई सुरू व्हायची होती म्हणून वाचलो. त्या दिवसापासून मी पहिला नियम धरला की फाइली नव्या जागी गेल्या की जुनं मूळ फोल्डर त्याच दिवशी रिनेम करायचं, नावापुढे ‘बंद’ लावायचं. डिलीट नाही, रिनेम. म्हणजे जुन्या पत्त्याकडे जाणारी प्रत्येक लिंक ताबडतोब तुटते आणि डोळ्यांना दिसते. लिंका तोडूनच दुरुस्त करायच्या, हे उलटं वाटतं पण तेच बरोबर आहे.

आता क्रमाने. पहिल्यांदा नवी रचना कागदावर काढा, कॉम्प्युटरवर नाही. फोल्डर माणसाच्या नावाचं नको, तारखेचं नको, कामाचं हवं. आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हे असतं: ०१_शेअर्ड (ग्रिड, टायटल ब्लॉक, नॉर्थ, लोगो), ०२_आलेलं (आर्किटेक्ट आणि सर्व्हिसेसवाल्यांकडून आलेली ड्रॉइंग, तारखेच्या उपफोल्डरात), ०३_मॉडेल (आपले फ्लोअरचे प्लॅन, जे एक्सरेफ म्हणून जातात), ०४_शीट (ज्याचा प्लॉट निघतो ते), ०५_इश्यू (पाठवलेल्या पीडीएफ आणि त्या दिवसाचं झिप). मोठ्या ऑफिसात वर्क इन प्रोग्रेस, शेअर्ड, पब्लिश्ड आणि अर्काइव्ह असे भाग करतात, आयएसओ १९६५० मध्ये तेच आहे, पण सहा माणसांच्या ऑफिसाला वरचं पुरतं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी नावं देवनागरीत लिहिलीत, तुम्ही फोल्डरवर साधी इंग्रजी अक्षरं ठेवा, स्पेस नको, अंडरस्कोर चालेल. आणि नावं छोटी ठेवा, कारण विंडोजमध्ये पूर्ण पाथ साधारण २६० अक्षरांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्रॅम अडतात, आणि ‘फायनल रिव्हाइज्ड ॲज पर क्लायंट मीटिंग’ अशा नावांची फोल्डरं चार पातळ्या खाली गेली की ती हद्द खूप लवकर येते.

रचनेइतकंच महत्त्वाचं म्हणजे ज्या फाइलीला लिंक लागते तिच्या नावात रिव्हिजन घालायची नाही. ग्राउंड फ्लोअर प्लॅनचं नाव कायम तेच राहील, आर३ नाही, फायनल२ नाही. आर्किटेक्टकडून नवीन ड्रॉइंग आलं की ते ०२_आलेलं मध्ये तारखेच्या फोल्डरात जसंच्या तसं ठेवायचं आणि त्याची एक कॉपी ठरलेल्या नावाने ०३_मॉडेल मध्ये जुन्यावर टाकायची. लिंक नेहमी ठरलेल्या नावाकडे, आलेलं आणि इश्यू या दोन फोल्डरांकडे एकही लिंक जाता कामा नये. नाहीतर दर रिव्हिजनला लिंका बदलत बसाल. दुसरं, दोन प्रोजेक्टमध्ये एकाच नावाची ग्रिड नको, पुढे प्रोजेक्टचा नंबर लावा, का ते पुढे येतंच.

हलवायच्या आधीची तयारी कंटाळवाणी आहे पण सोडू नका. ड्रॉइंग कोणाकडे उघडं असेल तर त्याच फोल्डरात डीडब्ल्यूएल एक्स्टेन्शनची छोटी फाइल दिसते, सगळ्या सर्व्हरवर ती शोधा, सापडली तर त्या माणसाला ड्रॉइंग बंद करायला सांगा, आणि माणूसच नसेल, म्हणजे कधीतरी ऑटोकॅड क्रॅश होऊन ती मागे राहिली असेल, तर खात्री करून काढून टाका. पूर्ण बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा, नेटवर्कवर लावलेली नको. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: लिंक बदलली की ड्रॉइंग नव्याने सेव्ह होतं आणि मॉडिफाइड तारीख आजची होते, मग कुठलं ड्रॉइंग शेवटचं कधी बदललं हे कळायचा जो एक मार्ग असतो तोच पुसला जातो. म्हणून आधी सगळ्या फाइलींची तारखेसकट यादी काढून एक्सेलमध्ये ठेवा, आणि चालू प्रोजेक्टच्या प्रत्येक शीटची पीडीएफ आत्ताच, जुन्या जागेवरूनच काढून ठेवा. ही पीडीएफ शेवटी तपासायला लागणार आहे.

आता एक्सरेफचा पत्ता कसा लिहिलेला असतो ते समजून घ्या, हे डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे. एक्सआर टाइप करून एंटर मारा, पॅलेट उघडेल, एखाद्या एक्सरेफवर क्लिक केलं की खाली डिटेल्समध्ये दोन ओळी दिसतात, सेव्ह्ड पाथ आणि फाउंड ॲट. सेव्ह्ड पाथ म्हणजे ड्रॉइंगमध्ये लिहिलेला पत्ता, फाउंड ॲट म्हणजे फाइल खरोखर जिथे सापडली ती जागा. या दोन ओळी वेगळ्या असू शकतात. लिहिलेल्या पत्त्यावर फाइल नाही मिळाली तर ऑटोकॅड लगेच हार मानत नाही, ते उघडलेल्या ड्रॉइंगच्या स्वतःच्या फोल्डरात बघतं, मग प्रोजेक्ट सर्च पाथमध्ये, मग सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये, मग प्रोग्रॅमच्या स्टार्ट इन फोल्डरात, आणि त्या नावाची जी फाइल पहिल्यांदा मिळेल ती घेतं. नाव जुळलं की झालं, आतलं काय आहे ते बघत नाही. म्हणून वर म्हटलं की प्रोजेक्ट नंबर लावा, दोन वेगळ्या इमारतींच्या फाइलींचं नाव नुसतं ‘ग्रिड’ असेल तर चुकीची ग्रिड मुकाट्याने येऊन बसेल.

पाथचे प्रकार तीन. फुल पाथ म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून सगळा पत्ता. रिलेटिव्ह पाथ म्हणजे ‘माझ्यापासून एक पायरी वर जा आणि तिथल्या शेअर्डमध्ये बघ’, तो ..\०१_शेअर्ड\ असा दिसतो, दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. आणि तिसरा नो पाथ, नुसतं फाइलीचं नाव. ऑटोकॅड २०१८ च्या आधी एक्सरेफ लावला की आपोआप फुल पाथ लागायचा, २०१८ पासून रिलेटिव्ह लागतो, म्हणून जुन्या ऑफिसात जुनी ड्रॉइंग सगळी फुल पाथवाली सापडतात. रेफपाथटाइप हे व्हेरिएबल, म्हणजे ऑटोकॅडची एक सेटिंग, १ असेल तर रिलेटिव्ह, २ असेल तर फुल, ० असेल तर नो पाथ. प्रत्येक मशीनवर तपासून १ करून घ्या, नाहीतर तुम्ही इकडे दुरुस्त करताय आणि शेजारच्या टेबलावर नवीन फुल पाथ तयार होतायत.

इथे एक गैरसमज मला सारखा भेटतो. ‘आमचे सगळे रिलेटिव्ह आहेत, आम्हाला काही करायला नको.’ पूर्ण झाड मुळासकट उचलून दुसरीकडे ठेवलं तर रिलेटिव्ह पाथ टिकतो, बरोबर आहे. पण आपण झाड उचलत नाहीये, फांद्या इकडच्या तिकडे करतोय, शीट एका फोल्डरात होती ती आता दुसऱ्यात चाललीय, म्हणजे ‘एक पायरी वर’ गेल्यावर भेटणारं घरच बदललं. रिलेटिव्ह असला तरी दुरुस्ती करावीच लागते. आणि ड्रॉइंग एका ड्राइव्हवर, एक्सरेफ दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर रिलेटिव्ह पाथ होतच नाही, तेव्हा शेअर्ड लायब्ररी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवू नका.

फाइली हलवल्या, जुनं फोल्डर रिनेम केलं, आता दुरुस्ती. यासाठी ऑटोकॅडबरोबर रेफरन्स मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम येतो, स्टार्ट मेनूमध्ये ऑटोकॅडच्याच फोल्डरात असतो, वीस वर्षं ऑटोकॅड वापरणाऱ्या आमच्या एका काकांनी तो कधी उघडला नव्हता. याची गंमत अशी की ड्रॉइंग एकेक उघडावं लागत नाही. ॲड ड्रॉइंग करून एका प्रोजेक्टची सगळी ड्रॉइंग आत घ्या, तो विचारतो की एक्सरेफ पण जोडू का, तेव्हा सगळ्या पातळ्यांचे घ्या म्हणून सांगा. डावीकडे ड्रॉइंग, उजवीकडे त्यांना लागलेल्या सगळ्या फाइलींची यादी सेव्ह्ड पाथ आणि फाउंड पाथसकट दिसते. आधी ही यादी एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये उघडा आणि सेव्ह्ड पाथच्या कॉलमवर सॉर्ट लावा. आम्हाला तिथे एकाच फोल्डराचे चार वेगवेगळे पत्ते दिसले, कोणाच्या मशीनवर ड्राइव्ह झेड होता, कोणाच्या वाय, कोणी थेट सर्व्हरच्या नावाने गेलेला, आणि एकाने तर स्वतःच्या डेस्कटॉपवरून टायटल ब्लॉक लावलेला. वनड्राइव्ह वापरत असाल तर तिथेही हेच होतं, पाथमध्ये विंडोजच्या युजरचं नाव येतं आणि ते प्रत्येक मशीनवर वेगळं.

मग एक्सेलमध्येच शेजारी कॉलम करून प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा. हा तक्ता घाई न करता, कामाची माहिती असलेल्या माणसाला शेजारी बसवून करा, कारण कुठली ग्रिड चालू आहे आणि कुठली नुसती पडून आहे हे कॉम्प्युटर सांगत नाही. तक्ता झाला की रेफरन्स मॅनेजरमध्ये फाइंड अँड रिप्लेस, जुना पत्ता टाका, नवा टाका, आणि शेवटी अप्लाय चेंजेस केल्याशिवाय फाइलीत काही लिहिलं जात नाही हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा पाचच ड्रॉइंगवर करा, ती ऑटोकॅडमध्ये उघडून बघा, मग बाकीची. एका वेळी एकच प्रोजेक्ट. सगळा सर्व्हर एकदम घ्यायचा मोह होतो पण एखादा पत्ता चुकीचा टाकला तर तो शेकडो ड्रॉइंगमध्ये जाऊन बसेल.

ऑटोकॅड एलटी (कमी सोयींची स्वस्त आवृत्ती) असेल तर रेफरन्स मॅनेजर मिळत नाही, मग पॅलेटमधूनच करावं लागतं. नॉट फाउंड असलेल्यावर राइट क्लिक करून सिलेक्ट न्यू पाथ, एकदा नवी जागा दाखवली की त्याच जागी बाकीचे हरवलेले एक्सरेफ पण शोधू का असं विचारतो, हो म्हणा, निम्मं काम तिथेच होतं. हाताने करताना क्रम पाळा, खालून वर. आधी ग्रिड आणि टायटल ब्लॉक, मग फ्लोअर प्लॅन, शेवटी शीट. कारण एक्सरेफच्या आतला एक्सरेफ तुम्हाला शीटमध्ये दिसतो पण त्याचा पत्ता तिथून बदलता येत नाही, तो ज्या ड्रॉइंगला लावलाय ते उघडूनच बदलावा लागतो. पॅलेटमध्ये एफ४ दाबलं की झाडासारखी रचना दिसते, कोण कोणाच्या पोटात आहे ते कळतं, एफ३ ने परत यादी. सगळं सापडलं की एकदम सिलेक्ट करून चेंज पाथ टाइपमध्ये जाऊन रिलेटिव्ह करा आणि सेव्ह करा.

काही जण या कटकटीतून सुटायला सगळं बाइंड करून टाकतात, म्हणजे एक्सरेफ कायमचा त्या ड्रॉइंगमध्येच मिसळून लिंक संपवून टाकतात. चालू कामात तसं अजिबात करू नका, बाइंड केलेली ग्रिड ही त्या दिवशीची ग्रिड असते, उद्या मूळ ग्रिड बदलली तर तिला कळणार नाही, म्हणजे वर सांगितलेली गोदामाची गोष्ट कायमची बांधून ठेवल्यासारखं. इश्यूच्या झिपमध्ये बाइंड ठीक आहे, तिथे ती गोठलेलीच हवी.

फक्त डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइली, बघून थांबू नका. गुगल अर्थचा फोटो, स्कॅन केलेली मोजणीची शीट, पीडीएफ अंडरले, लोगो, या सगळ्यांना पाथ असतो. एक्सेलमधून आलेलं बार बेंडिंग शेड्यूल डेटा लिंकने लावलं असेल तर त्याचा पत्ता डेटालिंक मॅनेजरमध्ये जाऊन बदलायचा. शीट सेट (सगळ्या शीटची एकत्र यादी) वापरत असाल तर त्याच्या डीएसटी फाइलीत प्रत्येक शीटची जागा लिहिलेली असते, शीटच्या प्रॉपर्टीजमध्ये एक्स्पेक्टेड लेआउट आणि फाउंड लेआउट असं दोन्ही दिसतं, तेही जुळवा. प्लॉटची सीटीबी (रेघांची जाडी-रंग ठरवणारी फाइल) आणि एसएचएक्स (ऑटोकॅडचे स्वतःचे) फॉन्ट प्रोजेक्टमध्ये नको, सर्व्हरवर एका जागी ठेवून प्रत्येक मशीनच्या ऑप्शन्समध्ये तो पाथ द्या. महापालिकेच्या ड्रॉइंगवर मराठी मजकूर जुन्या शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर तो पाथचा विषयच नाही, तो फॉन्ट त्या मशीनवर विंडोजमध्ये असावा लागतो, तिथे चौकोन किंवा भलतीच अक्षरं दिसली म्हणून लिंका तपासत बसू नका.

परत हे करायला लागू नये म्हणून दोन गोष्टी. सर्व्हरवरचं प्रोजेक्ट्सचं मूळ फोल्डर प्रत्येक मशीनवर एकाच अक्षराने मॅप करा, आम्ही पी घेतलाय, उद्या सर्व्हर बदलला तरी पी तोच. विंडोज सर्व्हर असेल तर डीएफएस नेमस्पेस करून घ्या, त्यात लोकांना दिसणारं नाव वेगळं आणि मागची खरी जागा वेगळी असते, मागचं बदललं तरी पुढचं नाव तेच. सबस्ट कमांडनेही अक्षर देता येतं पण मशीन रीस्टार्ट केलं की ते जातं. दुसरं म्हणजे ऑटोकॅडमधलं प्रोजेक्टनेम. ड्रॉइंगमध्ये फक्त प्रोजेक्टचं नाव साठवलं जातं आणि त्या नावाची फोल्डरं कुठली ते प्रत्येक मशीनच्या ऑप्शन्समध्ये, फाइल्सच्या टॅबवर, प्रोजेक्ट फाइल्स सर्च पाथमध्ये लिहायचं. साइट ऑफिसच्या लॅपटॉपवर जिथे पी ड्राइव्ह नसतो तिथे याचा फार उपयोग होतो. पण लिंका दुरुस्त करायच्या काळात हे रिकामं ठेवा, नाहीतर चुकीचा पत्ता असूनही फाइल सापडत राहील आणि तुम्हाला सगळं बरोबर झाल्यासारखं वाटेल.

आता तपासणी. जुनं फोल्डर ‘बंद’ नावाने आहे, आधीच्या पीडीएफ तुमच्याकडे आहेत. नव्या जागेवरून प्रत्येक चालू शीटची पीडीएफ परत काढा आणि जुनीच्या शेजारी ठेवून बघा, ग्रिडचे आकडे, डायमेन्शन, टायटल ब्लॉकमधला रिव्हिजन नंबर, की प्लॅन. जुळत नसेल तिथे एक्सआर उघडून फाउंड ॲट वाचा, उत्तर बहुतेक त्या ओळीतच असतं. मग रेफरन्स मॅनेजरची यादी परत एक्सपोर्ट करा आणि जुन्या ड्राइव्हचं अक्षर, जुन्या सर्व्हरचं नाव, डेस्कटॉप, हे शब्द सर्च करा. एकही यायला नको. आमच्याकडे सगळं संपलं असं वाटल्यावर या सर्चमध्ये अकरा निघाले, सगळे एका जिन्याच्या डिटेलमध्ये, जे सगळ्या मजल्यांना लागलेलं होतं.

‘बंद’ फोल्डर आम्ही तीन महिने तसंच ठेवलं. कोणाला काही सापडलं नाही तर त्याने तिथून फाइल स्वतः उचलायची नाही, ज्याच्याकडे तक्ता आहे त्याला सांगायचं, तो योग्य जागी आणून ठेवतो आणि तक्त्यात ओळ वाढवतो. तक्त्याची एक प्रिंट सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवली आहे.